लोडर गेला, की अजून आलाच नाही? पानावरची गोष्ट नाहीशी होईपर्यंत थांबण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत पाटोवर आमचं छोटं ऑफिस आहे. होमस्टेचं बुकिंग घेणारं एक संकेतस्थळ आणि घरपोच मासळी देणारं दुसरं, या दोन्हींच्या ब्राउझर टेस्ट, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळ तपासणारा कोड, आम्ही सांभाळतो. नव्याने येणारी मुलं पहिल्या महिन्यात हमखास एकाच खड्ड्यात पडतात: लोडर (काम चालू असताना पानावर फिरणारं चक्र) जाईपर्यंत थांबायचं कसं? दर वेळी चहाच्या टपरीवर तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाइप केलीत की बाकीचं तो सुचवेल.

एखादी गोष्ट दिसेपर्यंत थांबणं समजतं. नाहीशी होईपर्यंत कशाला थांबायचं?

कारण ती वाटेत उभी असते. बुकिंगच्या पानावर तारीख बदलली की पूर्ण पानावर राखाडी पडदा येतो आणि मधोमध चक्र फिरू लागतं. खालचं ‘खोली निवडा’ बटण डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत) असतं, पडद्यातून अंधुक दिसतंही. सेलेनियमला (टेस्टसाठी ब्राउझर चालवणाऱ्या साधनाला) ते सापडतं, तो क्लिक करायला जातो आणि क्लिक पडद्यावर बसतो. मग ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ ही चूक येते. तिच्या मजकुरात क्लिक प्रत्यक्षात कोणत्या घटकाला मिळाला असता तेही लिहिलेलं असतं. तो मजकूर पूर्ण वाचत चला. निम्म्या वेळा उत्तर त्यातच सापडतं.

ही चूक आली की काही जण जावास्क्रिप्टने क्लिक मारतात किंवा प्लेराइट या तशाच साधनात ‘फोर्स’ लावतात, म्हणजे जबरदस्तीने क्लिक करतात. टेस्ट हिरवी (पास) होते, पण जे कुठल्याही माणसाला करता येणार नाही ते तुम्ही करून दाखवलेलं असतं. उद्या तो पडदा कायमचा अडकून बसला, तरी तुमची टेस्ट हिरवीच राहील.

मग सरळ पाच सेकंदांची झोप घालू का? पाच सेकंदांत लोडर जातोच.

हिशेब करा. १२० टेस्ट, प्रत्येकीत तीन जागी झोप, प्रत्येक झोप ५ सेकंदांची. एकूण १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास नुसता घोरण्यात. आणि ज्या दिवशी सर्व्हरला सहा सेकंद लागतील, त्या दिवशी टेस्ट पडणारच. झोप मी एकाच कामासाठी वापरतो. टेस्ट का पडते ते शोधताना तात्पुरती घालतो, वेळेचाच घोळ आहे का ते बघतो आणि काढून टाकतो.

‘दिसत नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक काय?

घरात दिवा मालवला की माणूस दिसत नाही, पण असतो. पानावरही तसंच आहे. घटक डॉममधून काढून टाकला तर तो नाहीच. डिस्प्ले ‘नन’ केला किंवा व्हिजिबिलिटी ‘हिडन’ केली, तर तो आहे पण दिसत नाही. बहुतेक ठिकाणी या दोन्हींना मिळून ‘गेला’ म्हणतात. प्लेराइटमध्ये ‘हिडन’ स्थितीचा अर्थ आहे: डॉममधून सुटलेला, किंवा ज्याची चौकट रिकामी आहे असा, किंवा व्हिजिबिलिटी हिडन असलेला. फक्त डॉममधून जाण्याचीच खात्री हवी असेल, तर ‘डिटॅच्ड’ ही वेगळी स्थिती आहे.

खरी गंमत पारदर्शकतेत आहे. आमच्या एका पानावर लोडर जाताना ओपॅसिटी हळूहळू शून्यावर यायची आणि मग तो डॉममध्ये तसाच पडून राहायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण प्लेराइटच्या हिशेबी ओपॅसिटी शून्य असलेला घटक दिसणाराच असतो. त्यामुळे ‘हिडन’ची वाट बघणारी टेस्ट वेळ संपेपर्यंत उभी राहायची. सायप्रेस (तिसरं साधन) हाच घटक दिसत नाही असं मानतो, त्यामुळे तिथे हीच तपासणी पास झाली असती. म्हणून एका साधनातून दुसऱ्यात टेस्ट नेताना ओळीला ओळ जुळवत बसू नका. आधी तुमच्या संघाचा लोडर नेमका कसा जातो ते डेव्हलपर टूल्स उघडून स्वतः बघा. दोन मिनिटांचं काम असतं.

सेलेनियममध्ये कोणती अट वापरायची?

लोकेटर (घटक शोधायचा पत्ता) हातात असेल तर ‘इनव्हिजिबिलिटी ऑफ एलिमेंट लोकेटेड’. घटक सापडला नाही, सापडला पण दिसत नाही, किंवा मधेच शिळा झाला (पकडलेला घटक डॉममध्ये उरला नाही), तिन्ही वेळा ही अट ‘हो’ म्हणते. घटक आधीच पकडून ठेवला असेल आणि तो डॉममधून गेल्याची खात्री हवी असेल, तर ‘स्टेलनेस ऑफ’. फॉर्म भरून पूर्ण पान नव्याने उघडतं तिथे ही अट छान चालते: जुन्या पानावरचा एखादा घटक धरून ठेवायचा, क्लिक करायचं आणि तो शिळा होईपर्यंत थांबायचं. जावा आणि पायथन दोन्हींत ‘वेबड्रायव्हर वेट’ ठरावीक मर्यादेपर्यंत दर ५०० मिलिसेकंदांनी अट तपासतो. हे अंतर बदलता येतं, पण फार कमी केलंत तर सीआयचं (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं) मशीन त्या विचारण्यातच दमतं.

थांबण्याची ओळ घातली आहे, तरी टेस्ट कधी पास होते, कधी पडते. असं का?

याच प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं, त्यामुळे इथे जरा लांबण लावतो.

रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहा. चोडणला जाणारी फेरीबोट धक्क्याला नाही. याचा अर्थ काय? ती नुकतीच सुटली असेल, किंवा पलीकडून अजून यायची असेल. नुसत्या रिकाम्या धक्क्याकडे बघून हे कळत नाही. रोजचा प्रवासी रांगेतल्या स्कूटरी मोजतो, नदीकडे नजर टाकतो आणि मग ठरवतो. तुमची टेस्ट मात्र रिकामा धक्का बघून बोट सुटली असं लिहून मोकळी होते.

क्लिक केल्यावर लोडर त्याच क्षणी येत नाही. ब्राउझर क्लिकचं काम करतो, ॲप आपली स्थिती बदलतं, पान पुन्हा रंगतं, मग लोडर दिसतो. काही ॲप तर झटपट उत्तर आलं तर उगीच लुकलुक नको म्हणून मुद्दाम दोनतीनशे मिलिसेकंद थांबून लोडर दाखवतात. या फटीत तुमच्या टेस्टने विचारलं, ‘लोडर आहे का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ टेस्ट म्हणाली, ‘गेला वाटतं,’ आणि पुढे सरकली. पुढच्या क्षणी लोडर उगवला आणि क्लिक त्याच्यावर आपटला. तुमचं मशीन वेगवान असेल तर ही फट छोटी राहते, सीआयवर मोठी होते. म्हणूनच ‘कधी पास, कधी फेल’.

यावर चार उपाय आहेत. मी ते माझ्या आवडीच्या क्रमाने सांगतो.

पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे लोडरचं नावच काढू नका. लोडर गेल्यावर जे यायला हवं त्याची वाट बघा. तारीख बदलल्यावर खोल्यांची नवी यादी येणार असेल, तर त्या नव्या तारखेचा मजकूर असलेल्या पहिल्या कार्डाची वाट बघा. नव्या तारखेचा मजकूर, हे महत्त्वाचं. ‘कार्ड दिसतंय’ एवढंच तपासलंत, तर जुनी यादी पानावर असतेच आणि टेस्ट पुन्हा फसते.

दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघा. प्लेराइटमध्ये ‘वेट फॉर रिस्पॉन्स’, सायप्रेसमध्ये ‘इंटरसेप्ट’ला टोपणनाव देऊन त्याच्यावर ‘वेट’. इथे क्रम चुकवू नका. कान आधी टवकारायचे, क्लिक नंतर करायचा. क्लिक करून मग ऐकायला बसलात आणि उत्तर त्याआधीच येऊन गेलं, तर वेळ संपेपर्यंत बसून राहाल. पोदेर (पाववाला) भोंगा वाजवून पुढच्या वाड्यावर गेला की मग दारात पिशवी लटकवून काय उपयोग? आणि उत्तर आलं म्हणजे पान रंगलं असं नाही. त्यामुळे त्याच्यामागे पहिला उपाय ठेवावाच लागतो.

तिसरा उपाय म्हणजे ॲपलाच सांगायला लावा. यादीच्या डब्यावर काम चालू असताना ‘एरिया बिझी’ हा गुणधर्म ‘ट्रू’ आणि संपल्यावर ‘फॉल्स’. मात्र क्लिकनंतर तो ‘ट्रू’ व्हायलाही क्षणभर लागतो, म्हणजे तीच फट पुन्हा. आम्ही म्हणून यादीच्या डब्यावर ती कोणत्या तारखेची आहे तेही एका डेटा गुणधर्मात लिहून घेतलं. तारीख जुळली आणि ‘बिझी’ उतरला, की पुढे.

चौथा उपाय म्हणजे आधी लोडर येताना बघा, मग जाताना बघा. पुस्तकी वाटतो म्हणून सगळे आधी हाच लिहितात. पण उत्तर इतकं वेगाने आलं की लोडर दोन तपासण्यांच्या मधेच येऊन गेला, तर ‘येताना बघा’ ही पहिली ओळच पडते. मग लोक तिच्याभोवती ‘ट्राय कॅच’ (चूक गिळून पुढे जाणारा कोड) बांधतात, पुढे त्यात आणखी एक, आणि वर्षभराने त्या फाइलला हात लावायला कोणी धजत नाही. लोडरचीच टेस्ट लिहायची असेल, लोडर दिसायलाच हवा हीच गरज असेल, तर सर्व्हरचं उत्तर टेस्टमध्ये मुद्दाम दोन सेकंद रोखून धरा. प्लेराइटचं ‘रूट’ आणि सायप्रेसचं ‘इंटरसेप्ट’ दोन्हींत हे जमतं. तेव्हा चौथा उपाय निर्धास्त वापरा.

लोकेटर चुकला तर टेस्ट सांगेल ना?

दिसण्याची वाट बघताना सांगेल. नाहीसं होण्याची वाट बघताना चुकूनही सांगणार नाही.

आमचीच कथा. डिझाइनमध्ये बदल झाला, लोडरच्या क्लासचं नाव बदललं. टेस्टमध्ये जुनंच नाव राहिलं. जुन्या नावाचा घटक पानावर कुठेच नाही, म्हणजे ‘लोडर नाहीसा झाला’ ही अट पहिल्याच फटक्यात खरी. त्या ओळी आठवडेच्या आठवडे काहीही न करता पास होत राहिल्या. मधूनमधून दोनचार टेस्ट पडायच्या आणि आम्ही नेटवर्कला दोष द्यायचो. चतुर्थीच्या सुट्टीआधीचं रिलीज अडकलं, तेव्हा कोणीतरी वैतागून ती ओळच काढून टाकली. निकालात काडीचाही फरक पडला नाही, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. ‘नाही’ तपासणारी प्रत्येक ओळ लिहिल्यावर एकदा पडताना बघायची. लोडर अडकवून ठेवा, उत्तर रोखून धरा, काहीही करा, पण ती ओळ लाल होते हे डोळ्यांनी बघा. आणि लोडरचा लोकेटर एकाच ठिकाणी लिहा. दहा फाइलींत दहा वेळा लिहिलात, तर त्यातले नऊच दुरुस्त होतात.

इम्प्लिसिट वेट १० सेकंद ठेवला आहे. तो पुरत नाही का?

तो तर उलटा अंगावर येतो. इम्प्लिसिट वेट म्हणजे ‘घटक सापडला नाही तर इतका वेळ शोधत राहा’. लोडर गेला आहे का हे बघायलाही सेलेनियम आधी तो शोधायलाच जातो. गेलेला असेल तर सापडत नाही, म्हणून पूर्ण १० सेकंद शोधत राहतो आणि मग म्हणतो, ‘हो, नाही.’ म्हणजे चांगली बातमी कळायला दर वेळी १० सेकंदांचा भुर्दंड. ‘फाइंड एलिमेंट्स’ वापरून संख्या शून्य आहे का बघितलंत तरी तेच. वर इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट (‘वेबड्रायव्हर वेट’सारखं अट देऊन थांबणं) दोन्ही मिसळले की एकूण किती वेळ लागेल याचा अंदाजच राहत नाही. सेलेनियमची मार्गदर्शिकाही ते मिसळू नका असंच सांगते. वेबड्रायव्हरच्या प्रमाणकाप्रमाणे इम्प्लिसिट वेट मुळात शून्य असतो. तो शून्यच राहू द्या.

यादीतून ओळ काढून टाकली. ती गेली हे कसं तपासू?

मासळीच्या टोपलीतून बांगडे काढले, विसवण आणि सुंगटं राहिली. पकडून ठेवलेला बांगड्याचा घटक शिळा व्हायची वाट बघू? धोका आहे. रिॲक्टसारख्या (पान बांधणाऱ्या) चौकटींत ओळींना नीट ‘की’ (प्रत्येक ओळीची ओळख) दिलेली नसेल, किंवा ‘की’ म्हणून नुसता क्रमांक दिला असेल, तर पहिली ओळ काढल्यावर डॉममधला पहिला घटक काढला जात नाही. त्याच घटकात पुढचा मजकूर भरला जातो आणि शेवटचा घटक जातो. तुमचा ‘बांगडा’ आता विसवण म्हणून जिवंत असतो, तो शिळा कधीच होत नाही आणि टेस्ट वेळ संपून पडते. म्हणून मजकुरावरून शोधा: ‘बांगडा’ लिहिलेली ओळ शून्य, आणि एकूण ओळी दोन. दोन्ही तपासा. फक्त पहिलं तपासलंत आणि पूर्ण टोपलीच कोरी झाली असेल, तर तीही टेस्ट पास होईल.

आणखी एक. बरीच ॲप सर्व्हरचा होकार यायच्या आधीच ओळ पानावरून काढतात आणि नकार आला तर परत आणतात. पानावरून ओळ गेली म्हणजे डेटाबेसमधून गेली असं धरू नका. महत्त्वाच्या जागी पान नव्याने उघडा आणि पुन्हा बघा.

‘बुकिंग झालं’ ही पट्टी आपोआप जाते. ती जाईपर्यंत थांबावं का?

ती वाटेत येत नसेल तर अजिबात नाही. ती आली हे तपासा आणि पुढे चला. वाटेत येत असेल तर फुली मारून बंद करा. माणूसही तेच करतो.

पट्टी जातच नाही अशी तक्रार आली तर माऊस कुठे आहे ते बघा. रिॲक्ट-टोस्टिफायसारख्या वाचनालयांत (पुस्तकांचं नव्हे, कोडचं) पट्टीवर माऊस असेल तोवर तिची वेळ थांबते. टेस्टमधला माऊस शेवटच्या क्लिकच्या जागीच उभा असतो, पट्टी नेमकी तिथेच उमटते आणि बसते ठाण मांडून. माऊस बाजूला घ्या, सुटेल. यात आमचा एक पूर्ण पावसाळी दुपारचा वेळ गेला, त्यातला तासभर वीजही नव्हती.

पट्टी पाच सेकंदांनी जाते हीच गोष्ट तपासायची असेल, तर खरे पाच सेकंद घालवू नका. सायप्रेसमध्ये ‘क्लॉक’ आणि ‘टिक’, प्लेराइटमध्ये १.४५ आवृत्तीपासून ‘क्लॉक’ आहे. पानाचं घड्याळ आपल्या हातात घ्यायचं आणि काटा पुढे सरकवायचा.

एखादा फलक ठरावीक तारखेलाच जायला हवा असेल तर?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या संकेतस्थळावर तेवढे दिवस एक निळा फलक असतो आणि १ ऑगस्टला तो जायला हवा. ही टेस्ट जर खऱ्या तारखेवर चालली तर जूनमध्ये वेगळी वागेल, ऑगस्टमध्ये वेगळी. म्हणून घड्याळ गोठवा. एकदा ३१ जुलैच्या रात्री ११:५९ वर, फलक आहे. एकदा त्यानंतर दोन मिनिटांनी, १ ऑगस्टच्या मध्यरात्री १२:०१ वर, फलक नाही. सीआयचं मशीन बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. टेस्टमध्ये ‘एशिया कोलकाता’ हा कालपट्टा ठामपणे लिहा, नाहीतर फलक पहाटे साडेपाचपर्यंत रेंगाळतो. फलक सर्व्हर ठरवत असेल तर ब्राउझरचं घड्याळ गोठवून काही होत नाही, सर्व्हरला तारीख वेगळी पुरवावी लागते.

प्लेराइट स्वतःच थांबतं ना? मग हे सगळं कशाला?

बरंचसं थांबतं. क्लिक करण्याआधी ते बघतं की घटक दिसतो आहे, हलत नाही, चालू आहे आणि क्लिक त्यालाच मिळेल. वर पडदा असेल तर तो हटेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. म्हणून प्लेराइटमध्ये लोडरसाठी थांबण्याच्या निम्म्या ओळी मी बिनदिक्कत खोडतो.

पण ‘फिल’ला ही सगळी राखण नाही. रकाना दिसतो, चालू आहे आणि त्यात लिहिता येतं एवढंच ते बघतं. वर पडदा आहे का, हे बघत नाही. त्यामुळे लोडरच्या पडद्याखाली टेस्ट नाव, पत्ता, फोन सगळं भरून टाकते, मग सर्व्हरची माहिती येते, फॉर्म पुन्हा रंगतो आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. शेवटी ‘नाव आवश्यक आहे’ अशी चूक आणि तुम्ही डोकं खाजवता. असा फॉर्म असेल तर भरण्याआधी थांबायलाच हवं, किंवा भरून झाल्यावर रकान्यातली किंमत तपासायला हवी. (खरं तर हा ॲपमधलाच दोष आहे. मंद नेटवर्कवर पर्यटकाचंही हेच होणार. डेव्हलपरला सांगा.)

‘इज व्हिजिबल’ या आज्ञेत थांबणं नाहीच, ती त्या क्षणाचं उत्तर देऊन मोकळी होते. थांबायचं असेल तर ‘एक्स्पेक्ट’बरोबर ‘टू बी हिडन’ वापरा. ती मुळात ५ सेकंद थांबते. एकाच लोकेटरला तीन लोडर जुळत असतील तर ‘वेट फॉर’ कडक नियमाने चूक देते, तिथे ‘टू हॅव काउंट’ शून्य लावा. मात्र ही आज्ञा डॉममधले घटक मोजते, त्यामुळे नुसते लपवलेले लोडर तिच्या हिशेबात राहतातच. आणि ‘नेटवर्क आयडल’च्या नादाला लागू नका. अर्धा सेकंद नेटवर्क शांत असण्याची ती अट. पानावर गप्पांची खिडकी किंवा मोजदादीची स्क्रिप्ट असली की ती शांतता येतच नाही.

सायप्रेसमध्ये ‘नॉट एक्झिस्ट’ की ‘नॉट बी व्हिजिबल’?

लोडर डॉममधून जात असेल तर पहिलं, लपत असेल तर दुसरं. ६.० आवृत्तीपासून ‘नॉट बी व्हिजिबल’साठी घटक डॉममध्ये असावाच लागतो. जुन्या लेखांतलं उत्तर उचललंत तर इथेच अडखळाल. मुळात ४ सेकंद वाट बघितली जाते. धक्क्यावरची फसगत सायप्रेसमध्येही तशीच होते.

चुकीचा संदेश कधीच येऊ नये, हे कसं तपासू?

‘कधीच’ची वाट बघता येत नाही. जे यायला हवं ते आधी येऊ द्या, उदाहरणार्थ बुकिंगचा क्रमांक, आणि मग त्या क्षणी चुकीचा संदेश नाही हे एकदा तपासा. नुसतं ‘संदेश नाही’ हे क्लिकनंतर लगेच तपासलंत तर ते नेहमीच खरं असणार.

लोडर पेमेंटच्या आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) आहे.

आधी त्या फ्रेममध्ये जा, मग थांबा. काम झालं की फ्रेमच पानावरून जात असेल, तर आत राहून पुढे काही विचारलं की सेलेनियम ‘नो सच विंडो’ म्हणतो. खिडकी तर समोर उघडी दिसते, म्हणून लोक गोंधळतात. ‘डिफॉल्ट कंटेंट’वर परत या आणि बाहेरच्या पानावरून फ्रेम गेल्याची वाट बघा. प्लेराइटच्या ‘फ्रेम लोकेटर’मध्ये ही येजा करावी लागत नाही.

मर्यादा किती ठेवू? सीआयवर टेस्ट पडते म्हणून ३० सेकंदांची ६० केली.

मर्यादा वाढवल्याने पास होणारी टेस्ट हळू होत नाही, कारण अट खरी झाली की थांबणं संपतं. पडणारी टेस्ट मात्र उशिरा पडते. आमच्याकडे साधा नियम आहे: पडद्यावरच्या हालचालीला ५ सेकंद, सर्व्हरच्या कामाला १५, पेमेंटला त्याहून जास्त, आणि प्रत्येक जागी ती मर्यादा का ते शेजारी लिहायचं. ६० वर नेऊनही पडत असेल तर वेळ कमी नाही, तुम्ही चुकीच्या गोष्टीची वाट बघताय. प्लेराइटचा ट्रेस (टेस्ट चालतानाची नोंद) उघडा, किंवा पडल्या क्षणाचा स्क्रीनशॉट आणि डॉम साठवून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये लोडर फिरत असेल तर ॲपकडे बघा. नसेल तर तुमच्या लोकेटरकडे आणि तुमच्या अटीकडे.

डेव्हलपर म्हणतात, टेस्टसाठी आम्ही कोड बदलणार नाही.

‘टेस्टसाठी’ हा शब्द उच्चारूच नका. ‘एरिया बिझी’ स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसासाठी आहे, त्याला फिरणारं चक्र दिसत नाही. आमच्याकडे हे मागितलं तेव्हा तीन आठवडे काही हललं नाही. मग आम्ही स्क्रीन रीडर लावून तारीख बदलून दाखवली आणि सगळे त्या शांततेत बसून राहिलो. बदल त्याच संध्याकाळी आला.